मेथी खाणाऱ्या हरणाची शिकार

हरीण मारायचं असं टिपणीसांच्या मनात कधीच नव्हतं. त्यांना फक्त मेथीची भाजी खायची होती.

पण आयर्लंडातल्या स्लायगोच्या बाहेर, सरकारी जंगलाला पाठ लावून बसलेल्या वस्तीत मेथी खायची तर ती आधी पेरावी लागते, आणि २०२० साली शैलेंद्र टिपणीसांकडे वेळ सोडून दुसरं काहीच नव्हतं. फेब्रुवारीत त्यांचे सासरे अण्णा ठाण्याला मोरीत घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. "पंधरा दिवसांत येते," असं सांगून त्यांची बायको संध्या लेकीला, भार्गवीला, घेऊन गेली, आणि मागोमाग जगातली विमानंच बंद झाली. पुढे विमानं उठली, पण अण्णा काही खाटेवरून उठले नाहीत. भार्गवीच्या माध्यमिक शाळेत चौथं वर्ष बिनपरीक्षेचं असतं. त्या वर्षात मुलांनी पुस्तकं बाजूला ठेवून जग बघावं अशी इथल्या शिक्षणखात्याची उदात्त कल्पना आहे. भार्गवीच्या वाट्याला जग म्हणून आजोबांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आला.

तर मेथी. मिसळणाच्या डब्यातलेच दाणे टिपणीसांनी परसात पेरले. पहिली दोन पानं वर आली तेव्हा त्यांचा फोटो ठाण्याला गेला. भार्गवी झाली तेव्हा तिचेसुद्धा इतके फोटो काढले नव्हते, असं संध्या म्हणाली. आणि सप्टेंबरात एके सकाळी टिपणीस विळी धुऊन, लसूण सोलून परसात गेले तर वाफा भुईसपाट! मातीत खुरांचे ठसे. शेजारच्या कोथिंबिरीला तोंडही लावलेलं नव्हतं. म्हणजे चोर नुसता चोर नव्हता, चवीचा होता.

त्या दिवशीच्या व्हिडिओ कॉलवर टिपणीस तापलेले होते. एरवी तो कॉल कसा चालायचा ते सांगितलं पाहिजे. "जेवलास का रे?" "जेवलो. तू?" "व्हायचंय." "अण्णा?" "तसेच." मग दोघं स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आपापल्याच चेहऱ्याकडे बघत बसायचे. मागून भार्गवी जायची. "हाय बाबा." "कशी आहेस?" "ग्रँड. बाय." की संपलं. इथे ठीक आहे म्हणायला ग्रँड म्हणतात. भांडण नव्हतं, राग नव्हता. सांगण्यासारखं कुणाकडे काही उरलं नव्हतं, इतकंच. फोन ठेवल्यावर घरात फ्रिजचा आवाज सुरू व्हायचा. तो आधीपासूनच चालू असायचा, पण टिपणीसांना तेव्हा ऐकू यायचा.

"उद्याच धनुष्यबाण आणतो," टिपणीस गरजले, "आणि त्या हरणाला आडवं करतो!"

बंदूक न सुचता धनुष्यच का सुचलं, याला कारण होतं. कित्येक आठवडे ते एक अमेरिकन चॅनेल बघत होते. त्यात पानापानांचे कपडे घातलेला एक इसम सरकारी जंगलात झाडावर चढून धनुष्य घेऊन हरणाची वाट बघत बसायचा. दिवसच्या दिवस. हरीण सहसा यायचंच नाही. एक माणूस तासन्‌तास एकटा गप्प बसतो आणि तरी लाखभर लोक त्याला बघतात, याचं टिपणीसांना फार अप्रूप वाटायचं.

टिपणीस गरजताच संध्याला बाजूला सारून भार्गवीचा चेहरा स्क्रीनभर आला.

"बाबा! यू व्हॉट?"

भार्गवीनं चौदाव्या वर्षीच मांसाहार सोडला होता. टिपणीसांच्या सीकेपी घराण्यात असलं संकट पूर्वी आलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला तोंड कसं द्यायचं याची परंपराही नव्हती. मुलीनं बापाला स्लायगोच्या हेलात धारेवर धरलं. हरणाला हे आपलं परस आहे हे कसं कळावं? त्याच्या जंगलात घरं कोणी बांधली? दोन जुड्या मेथीसाठी जीव घेणार? "दॅट्स अ‍ॅक्च्युअली डिसगस्टिंग, बाबा!" कित्येक महिन्यांत पोर इतकं बोलली नव्हती. टिपणीस मुकाट्यानं बोलणी खात होते, आणि त्यांना एकच वाटत होतं, हिनं थांबू नये.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन केला. स्वतःहून! "आणलंस का ते?" टिपणीस रात्रीत हरीण विसरून गेले होते. पण तिच्या आवाजातली धार ऐकली मात्र, तोंडातून निघून गेलं, "मागवलंय." फोन ठेवल्यावर त्यांनी घाईघाईनं कम्प्युटर उघडला आणि खरोखरच मागवलं. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. माणूस आधी बोलून जातो आणि मग ते खरं करण्यासाठी पदरमोड करतो.

धनुष्य आलं ते डावखुऱ्या माणसाचं. परत पाठवायचा खर्च किमतीहून जास्त. टिपणीस कंपनीत हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासायचे. केसाएवढा दोष असला तरी नळी नापास करणारा माणूस. त्यांनी सूचना तीनदा वाचल्या, चष्मा पुसला आणि दोरी उलट्या बाजूनं चढवली. धनुष्य जे उसळलं ते स्वयंपाकघरातल्या प्रेसचं दार घेऊन गेलं. प्रेस म्हणजे कपाट. या देशात कपाटाला प्रेस का म्हणतात हे टिपणीसांना अकरा वर्षांत कळलेलं नव्हतं, आणि आता कळून उपयोगही नव्हता, कारण दार खाली पडलेलं होतं.

संध्याकाळी त्यांनी हे सगळं कॉलवर सांगितलं. संध्या इतकी हसली की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. भार्गवी हसली नाही. ती म्हणाली, "सर्व्ह्ज यू राइट." पण ती उठूनही गेली नाही.

आता शेजाऱ्यांकडे वळायला हवं, कारण शेजाऱ्यांवाचून मध्यमवर्गीय माणसाची फजिती पूर्णत्वाला जात नाही. डावीकडे नोरीन फीनी. वय ऐंशीच्या घरात, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मार्चपासून टिपणीसांशी प्रत्यक्ष बोललेला जवळपास एकमेव जीव, तोही कुंपणापलीकडून, दोन मीटर राखून. ती म्हणाली, हरणं माणसाच्या केसांना भितात. केस पिशवीत घालून टांगायचे. मग टिपणीसांच्या डोक्याकडे बघून म्हणाली, "माल तर भरपूर दिसतोय." टिपणीस मार्चपासून न्हाव्याकडे गेले नव्हते. समोरच्या घरातला डेक्लन कुंपणावर रेलून म्हणाला, केसबीस काही नाही, बाण बरोबर खांद्यामागे बसला पाहिजे, वाऱ्याची दिशा बघायची, आणि आदल्या दिवशी साबण लावायचा नाही. डेक्लननं आयुष्यात उंदीरसुद्धा मारलेला नव्हता. पण सल्ला देण्यासाठी अनुभव लागतो ही समजूत पुण्यात नाही तशी स्लायगोतही नाही.

सरावासाठी टिपणीसांनी परसात जुनी गादी उभी केली. डाव्या हाताचं धनुष्य उजव्या हातानं ताणलं, खांद्यामागची जागा मनात आणली, श्वास रोखला. गादीला काही झालं नाही. बाण कुंपणावरून सुरेख कमान घेत गेला आणि नोरीनच्या घर तापवायच्या रॉकेलच्या हिरव्या टाकीत जाऊन रुतला.

टिपणीस धनुष्य तसंच धरून उभे राहिले. त्यांना तुरुंग दिसला, वर्तमानपत्रातला फोटो दिसला, कंपनीतली नोकरी जाताना दिसली. नोरीन बाहेर आली. तिनं चष्मा लावला, टाकीभोवती एक फेरी मारली, बाणाला बोटानं टिचकी मारली.

"गळत नाहीये," ती म्हणाली. "उपटू मात्र नकोस हं. उपटलास की गळेल."

"मी नवीन टाकी बसवून देतो. आय अ‍ॅम सो सॉरी, नोरीन."

"अरे, ग्रँड आहे सगळं. हिवाळा संपेपर्यंत राहू दे." दुसऱ्या दिवशी टिपणीसांनी बघितलं तर तिनं त्या बाणाला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी अडकवली होती.

बाकीचे बाण आठवड्याभरात एकेक करून गेले. एक डेक्लनच्या पन्हळीत, एक झाडीत, आणि एक कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही. त्या काळात वस्तीतला कोणी जखमी झाला नाही, यावरून तो सुखरूप असावा. टिपणीसांकडे बिनबाणाचं धनुष्य तेवढं राहिलं. हे त्यांनी ठाण्याला कळवलं नाही. कारण आता रोज संध्याकाळी भार्गवी फोन करून वकिलासारखी उलटतपासणी घेत होती, आणि अण्णासुद्धा खाटेवरून विचारत होते, "जावयांचं हरीण पडलं का गं?"

मग सरकारी खातं. आपण कायद्यानं वागणारी माणसं आहोत हे मुलीला दाखवावं म्हणून टिपणीसांनी शिकारीच्या परवान्यासाठी एका कचेरीत फोन लावला. बराच वेळ व्हायोलिन ऐकल्यावर एक बाई आल्या.

"बंदुकीचं कॅलिबर काय?" बाईंनी विचारलं.

"कॅलिबर नाही. धनुष्य आहे."

पलीकडचा टायपिंगचा आवाज थांबला. मग बाईंनी जपून विचारलं, "हे सिनेमासाठी आहे का?"

सिनेमासाठी नाही म्हटल्यावर बाईंनी समजावून सांगितलं. या देशात हरणावर धनुष्य चालवायला सक्त मनाई आहे. सरकारी जंगलात नाही, खासगी रानात नाही, आपल्या परसात तर नाहीच. टिपणीसांना हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर त्यांनी घरातल्या कोळ्यालासुद्धा कधी मारलेलं नव्हतं. ग्लासात धरून, वर कागद झाकून ते त्याला बाहेर सोडून यायचे. सुटलो, असं म्हणत त्यांनी चहा टाकला. आणि चहा उकळताना त्यांच्या लक्षात आलं की ते सुटले नव्हते, पुरते अडकले होते.

हरीण मारलं तर मुलगी जन्मात बोलणार नाही. मारत नाही म्हटलं तर कशासाठी बोलेल? पुन्हा "हाय बाबा, ग्रँड, बाय." पुन्हा फ्रिजचा आवाज. तेव्हा हरीण मारता कामा नये आणि मारायचं सोडताही कामा नये. टिपणीसांनी चहा गाळला. त्यांना त्या क्षणी इतकं एकटं वाटलं की दोन कप गाळले गेले.

त्या दिवसापासून टिपणीस रोज हरीण मारायला निघू लागले आणि रोज काहीतरी आडवं येऊ लागलं. वारा उलटा. पाऊस. गुडघा. ऑफिसची मीटिंग. भार्गवी प्रत्येक सबबीवर खूश व्हायची आणि प्रत्येक वेळी विचारायची, "सो व्हेन?" एकदा सबब सुचेना तेव्हा ते बोलून गेले, "दसऱ्याला. सीमोल्लंघन असतं त्या दिवशी. आपले पूर्वज गावची शीव ओलांडून मोहिमेवर जायचे."

हे त्यांनी एकट्या भार्गवीला सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण संध्यानं ते मैत्रिणीला सांगितलं आणि ते ड्रोहेडाला पोचलं. ड्रोहेडाला नरेंद्र जोगळेकर राहतात. आयर्लंडात कुठेही चार मराठी माणसं जमली की त्यांचं मंडळ होतं आणि जोगळेकर त्याचे अध्यक्ष होतात. त्यांनी परस्पर जाहीर केलं की यंदा ऑनलाइन दसऱ्याला 'आपले स्लायगोचे वाघ टिपणीस' खऱ्याखुऱ्या शस्त्राचं पूजन करून मोहिमेवर निघतील. यावर सात शाकाहारी सभासदांनी ग्रुप सोडला आणि जोगळेकरांच्या उर्मिलावहिनींनी मटणाच्या सुक्याची कृती पाठवली, खाली टीप: 'हरीण असल्यास शिट्ट्या वाढवाव्यात.'

शेवटचा आशेचा किरण सरकारनं दाखवला. दसऱ्याच्या तोंडावर पुन्हा कडक टाळेबंदी आली. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर कोणी जायचं नाही. टिपणीसांनी आनंदानं जोगळेकरांना कळवलं की सीमोल्लंघनालाच बंदी आली. जोगळेकर संतापले. "ऐन दसऱ्याला शीव ओलांडायची नाही? असा हुकूम मोगलांनासुद्धा सुचला नव्हता, टिपणीस!" मग त्यांनी नकाशा उघडून मोजलं. जंगलाचं फाटक पाच किलोमीटरच्या आतच निघालं.

दसरा रविवारी आला. त्याच पहाटे इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. टिपणीस अंथरुणात हिशेब करत पडले. काल ठाणं साडेचार तास लांब होतं, आज साडेपाच. कोणी हललं नाही, कोणी काही बोललं नाही, आणि मुलगी एका तासानं लांब गेली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी धनुष्य मांडलं. शेजारी लॅपटॉप, कंपनीतली मापं घ्यायची कॅलिपर आणि स्क्रूड्रायव्हरचा संच. झेंडू नव्हता, नोरीननं आपल्या डेलियाची फुलं कुंपणावर ठेवली होती, ती वाहिली. हळदीकुंकू लावलं. स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत मंडळ बसलं होतं, एका चौकोनात ठाणं.

"वा! वा!" जोगळेकर म्हणाले. "पण टिपणीस, बाण कुठे आहेत?"

"गाडीत," टिपणीस म्हणाले.

ठाण्याच्या चौकोनातून भार्गवी बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, इफ यू गो, आय'म नेव्हर टॉकिंग टू यू अगेन." आणि तो चौकोन काळा झाला.

सगळं मंडळ बघत होतं. आता घरी बसावं तर वाघाचं मांजर, आणि जावं तर मुलगी गेली. टिपणीसांनी कुंकू लावलेलं धनुष्य उचललं आणि निघाले. शौर्यानं नव्हे, लोक बघत होते म्हणून. इतिहासातल्या अर्ध्या मोहिमा अशाच निघाल्या असाव्यात.

जंगलाच्या फाटकापाशी पोलिसांची नाकेबंदी होती. इथे पोलिसाला गार्ड म्हणतात. ही गार्ड तिशीतली मुलगी होती. तिनं खिडकीतून मागच्या सीटवर बघितलं. कुंकू, हळद, डेलियाचं फूल आणि धनुष्य.

"हे काय आहे?"

"धार्मिक वस्तू आहे," टिपणीस म्हणाले. त्या दिवसापुरतं ते खरंच होतं.

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "नोरीन फीनीच्या टाकीला बाण मारणारे ते तुम्हीच का?"

टिपणीसांनी मान खाली घातली.

"हरणासाठी आलात? गुन्हा आहे हा, ठाऊक आहे ना? बाण कुठे आहेत?"

"नाहीत. एकही नाही."

"मग हरीण कसं मारणार?"

"मारणार नव्हतोच," टिपणीस म्हणाले, आणि का कोण जाणे, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी मुलीला तोंडावरच्या मास्कमधून भडाभडा सांगून टाकलं. बायको, अण्णांचा खुबा, मेथी, आणि मुलगी मला अडवण्यासाठी रोज फोन करते ते. "ती फक्त त्यासाठीच करते हो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. फार लाज वाटली त्यांना.

गार्डनं गाडीचं मागचं दार उघडलं. मग तिनं धनुष्य उचलून आपल्या गाडीत ठेवलं. "उद्या पोलीस चौकीवरून घेऊन जा. आता आला आहात तर पाय मोकळे करा. दुसऱ्या फाटकापलीकडे कळप आहे सध्या. पाच किलोमीटरच्या जरा बाहेर पडतं ते," ती दुसरीकडे बघत म्हणाली, "पण माझं लक्ष रस्त्याकडे आहे."

टिपणीस एकटेच चढून गेले. वाटेवरच्या बीच झाडांची पानं पिवळीधमक होऊन खाली सडा पडला होता. आपट्याचं पान इथे कुठून मिळणार? त्यांनी दोन पिवळी पानं उचलून खिशात टाकली. कोणाला द्यायची हा प्रश्न होताच. दुसरं फाटक त्यांनी ओलांडलं आणि वळणावर ते थबकले.

समोर हरीण. चितळासारखं ठिपक्याठिपक्यांचं, पसरट शिंगांचं. ते टिपणीसांकडे बघत होतं आणि घोरल्यासारखा आवाज काढत होतं. बाण असता तर खांद्यामागची जागा अगदी समोर होती. टिपणीसांनी हळूच खिशात हात घातला आणि फोन काढला.

घंटा वाजत राहिली. उचलणार नाही, असं त्यांना वाटलं. मग भार्गवीचा चेहरा आला, डोळे लाल. टिपणीसांनी फोन फिरवून हरणाकडे धरला.

हरणानं मान खाली घालून गवत खाल्लं. पलीकडून संध्या येऊन टेकली, मागून अण्णांनी "पडलं का?" विचारलं आणि त्यांना गप्प केल्याचं ऐकू आलं. रोजच्या कॉलवर पडायची तशीच शांतता पडली होती, पण आज आपल्या चेहऱ्याकडे कोणी बघत नव्हतं. मग हरणाला काय वाटलं कोणास ठाऊक, ते वळलं आणि झाडीत गेलं.

"बाबा," भार्गवी म्हणाली. ती मराठीत बोलत होती, आठ महिन्यांत ठाण्यानं दिलेल्या, थोड्या वाकड्या मराठीत. "तुझे बाण सप्टेंबरमध्येच संपले ना?"

टिपणीसांनी फोन आपल्याकडे वळवला. "तुला कोणी सांगितलं?"

"नोरीन. ती मला मेसेज करते. टाकीचा फोटोपण पाठवला तिनं. आणि तू कधी कोळी मारला नाहीस, हरीण काय मारणार?"

"मग रोज फोन करून माझ्यावर ओरडत का होतीस? आज तर कधीच बोलणार नाही म्हणालीस."

भार्गवीनं नाक पुसलं. "आज तू खरंच निघालास ना. मला वाटलं, आता हे संपणार. मग उद्या कशासाठी फोन करायचा?"

टिपणीसांनी खिशातलं पिवळं पान काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. "सोनं घे, बाळा." तिकडून तिनं आपट्याचं पान धरलं. दोन्ही पानं स्क्रीनला टेकली. संध्यानं विचारलं, "जेवलास का रे?" आणि टिपणीस म्हणाले, "व्हायचंय."

भार्गवीनं घसा साफ केला.

"सो," ती म्हणाली. "उद्या काय मारणार आहेस?"

टिपणीसांनी विचार केला. "ससा," ते म्हणाले. "नोरीनच्या कोबीवर येतो एक."

"बाबा! दॅट्स डिसगस्टिंग!" भार्गवी ओरडली, आणि खुर्ची ओढून नीट बसली.